गाडी सरकारची, पगार महामंडळाचा



आज 12 जानेवारी. 1931 साली याच दिवशी येरवड्याच्या तुरुंगात आपल्या सोलापूरच्या चौघांना फाशी दिली गेली. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. त्यांच्या स्मृतिदिनी बोलायचे तर विषय गावाच्या पोटापाण्याचा असावा, असे मी संयोजकांना कळवले होते. कुर्बान हुसेन गिरणी कामगारांत उठबस करणारे, त्यांच्यासाठी लेखणी चालवणारे तरुण होते. चिमणीच्या भोंग्यावर दिवस मोजणाऱ्या गावात कामगाराचा पगार आणि कामगाराचा संप हा परका विषय असूच शकत नाही. म्हणून आजचा विषय घेतला आहे एसटी कामगारांचा. त्यांनी मागितलेला पगार रास्त होता का? आणि त्यासाठी त्यांनी केलेला संप रास्त होता का?

माझे उत्तर आधीच सांगून टाकतो. पगाराची मागणी रास्त होती. संपावर जाणे रास्त होते. तो संप साडेपाच महिने लांबवणे रास्त नव्हते. पण ही तीन वाक्ये म्हणून घरी जाता येत नाही, कारण त्यांच्या मागे एक चौथा प्रश्न उभा आहे: बस बंद पाडली नेमकी कोणी?

घटनाक्रम आपण पाहिलेला आहे, तरी उजळणी करू. 2021 च्या ऑक्टोबरअखेर, दिवाळीच्या तोंडावर, कामगार संघटनांच्या कृती समितीने उपोषण सुरू केले. महागाई भत्ता आणि घरभाडे भत्ता राज्य सरकारी कर्मचाऱ्यांप्रमाणे द्या, ही मुख्य मागणी. सरकारने भत्त्यांचे मान्य केले, संघटनांनी उपोषण मागे घेतले. एरवी तिथे विषय मिटला असता. या वेळी मिटला नाही. आगारातले कामगार म्हणाले, आम्ही कामावर येत नाही. संघटना बाजूला पडल्या आणि मागणी एकाच शब्दावर आली: विलीनीकरण. महामंडळ राज्य शासनात विलीन करा, आम्हाला सरकारी कर्मचारी म्हणा. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात राज्यातली अडीचशे आगारे ठप्प होती. 24 नोव्हेंबरला परिवहनमंत्री अनिल परब यांनी पगारवाढ जाहीर केली: दहा वर्षांपर्यंत सेवा झालेल्यांच्या मूळ पगारात 5,000, दहा ते वीस वर्षे झालेल्यांना 4,000, त्यापुढच्यांना 2,500 रुपये. पगार दर महिन्याच्या दहा तारखेच्या आत होईल, अशी हमीही दिली. तरी संप चालूच राहिला. निलंबने झाली, बडतर्फ्या झाल्या, आत्महत्या झाल्या. अखेर 7 एप्रिल 2022 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने 22 एप्रिलपर्यंत कामावर या, तुमची नोकरी जाणार नाही, असे सांगितले आणि गाड्या हळूहळू रस्त्यावर आल्या. विलीनीकरण झाले नाही.

आता त्या हमीतल्या दहा तारखेकडे जरा थांबून पाहा. पगार दहा तारखेच्या आत होईल, याची हमी मंत्र्यांना पत्रकार परिषदेत द्यावी लागते! याचा अर्थ त्याआधी तो होत नव्हता. कोरोनाच्या काळात कामगारांचे पगार महिनोन् महिने थकले होते. आणि हेच ते कामगार, ज्यांनी 2020 च्या मे महिन्यात परप्रांतीय मजुरांना राज्याच्या सीमेपर्यंत नेऊन सोडले. हेच कामगार मुंबईत बेस्टच्या शहर बससेवेच्या मदतीला गेले, आणि त्यांच्यातले कितीतरी जण कोरोनाने गेले. तेव्हा आपण त्यांना योद्धे म्हणालो. पण योद्ध्याच्या घरी किराणा उधारीवर येत होता.

संपाच्या आधी नव्याने लागलेल्या चालकाचा किंवा वाहकाचा सगळे भत्ते धरून एकूण पगार सतरा-साडेसतरा हजारांच्या आसपास होता. त्यातून पीएफ आणि पतसंस्थेचा हप्ता वजा करा. सोलापुरात जुळे सोलापूर किंवा विडी घरकुल भागात दोन खोल्यांचे भाडे, मुलांची फी, गावाकडच्या आई-वडिलांचे औषध, हे सगळे उरलेल्यात बसवा. बसते का?

आणि काम काय असते? आपल्याकडे मुक्कामी गाडी असते. संध्याकाळी आगारातून निघायचे, अक्कलकोट किंवा मंगळवेढा तालुक्यातल्या शेवटच्या गावी आठ-नऊला पोहोचायचे. गाडी पारापाशी लावायची. ड्रायव्हर-कंडक्टरची झोप गाडीतच, नाहीतर देवळाच्या ओवरीत. गावात शौचालय असले तर असले. रात्री कंडक्टर मोबाइलच्या उजेडात पैसे मोजतो, तिकीट मशीनचा हिशेब जुळवतो. दहा-वीस रुपये कमी भरले तर ते त्याच्या खिशातून जातात. आणि लाइन चेकिंगमध्ये एक प्रवासी बिनतिकीट सापडला तर त्याच्यावर अपहाराची केस. पहाटे साडेपाचला गाडी पुन्हा निघते. तीत दुधाचे कॅन असतात, दयानंद किंवा संगमेश्वर कॉलेजला जाणारी पोरे-पोरी असतात, सिव्हिल हॉस्पिटलला निघालेली म्हातारी असते. आठच्या सुमारास सोलापूर स्टँड. मग कळते की पुढच्या ड्युटीवर माणूस आलेला नाही, डबल ड्युटी करा. या कामाला आपण किती पगार लावू? हात वर करून सांगा. इथे बसलेल्या कोणीही सतरा हजार म्हणणार नाही, याची मला खात्री आहे.

आता कोणी म्हणेल, आणि अगदी प्रामाणिकपणे म्हणेल, की महामंडळ तोट्यात आहे, ते पगार कुठून देणार? तोटा खरा आहे. 2025 मध्ये सरकारने स्वतः काढलेल्या श्वेतपत्रिकेत साचलेला तोटा दहा हजार कोटींच्या वर दाखवला आहे. पण हा तोटा झाला कसा, ते पाहिल्याशिवाय कामगाराच्या तोंडावर तो फेकण्याचा अधिकार आपल्याला नाही.

1 जून 1948 रोजी पुणे ते अहमदनगर अशी एसटीची पहिली गाडी धावली. पुढे 1950 साली मार्ग परिवहन महामंडळांचा कायदा झाला. आजही एसटी त्याच कायद्याखाली चालते. त्यात दोन कलमे आहेत, आणि माझ्या मते सगळी दुखणी त्या दोन कलमांच्या मधे आहेत. कलम 18 सांगते की लोकांना पुरेशी, कार्यक्षम, परवडणारी आणि सुसूत्र वाहतूक द्या. कलम 22 सांगते की महामंडळाने कारभार व्यापारी तत्त्वावर करावा. म्हणजे दहा प्रवासी असले तरी शेवटच्या गावाला गाडी सोडा, आणि नफाही करा. खासगी ट्रॅव्हल्सवाला काय करतो? सोलापूर-पुणे, सोलापूर-मुंबई असा भरणारा मार्ग उचलतो. करमाळ्याच्या कोपऱ्यातल्या वाडीला तो कधी गेला आहे का?

वर सवलती. ज्येष्ठ नागरिक, विद्यार्थी, स्वातंत्र्यसैनिक, दिव्यांग, आजारी रुग्ण, अशा तीसच्या आसपास प्रकारच्या. 2022 च्या ऑगस्टपासून 75 वर्षांवरच्यांना मोफत प्रवास, 17 मार्च 2023 पासून महिलांना अर्धे तिकीट. या सवलती चांगल्या आहेत, हे मी ठामपणे सांगतो. अर्ध्या तिकिटाने खेड्यातल्या किती बायका पहिल्यांदा आपल्या मर्जीने माहेरी, तुळजापूरला, दवाखान्याला गेल्या असतील! पण घोषणा सरकारची, गाडी महामंडळाची, आणि सवलतीचे पैसे सरकारकडून कधी येतील याची वाट पाहणार कोण? पगारपत्रकावर सही करणारा. याउलट प्रवासी कराच्या नावाखाली सरकार वर्षानुवर्षे तिकिटावर 17.5 टक्के घेत आले. डिझेलवरचा कर वेगळा, टोल वेगळा.

म्हणजे सवलत जाहीर करायची वेळ आली की गाडी सरकारची. निवडणुकीच्या ड्युटीला गाडी सरकारची. आषाढीला पंढरपुरात हजारो जादा गाड्या उभ्या करायच्या तेव्हा गाडी सरकारची. पगाराचा दिवस उजाडला की मात्र सांगतात, तुम्ही महामंडळाचे. ही दुटप्पी वागणूक आहे. विलीनीकरणाची मागणी याच दुखण्यातून आली होती. ती डोक्यात खूळ शिरले म्हणून आलेली नव्हती.

आंध्र प्रदेशाने 1 जानेवारी 2020 पासून आपल्या परिवहन महामंडळातले कर्मचारी कायदा करून सरकारी सेवेत घेतले. तेलंगणात 2019 मध्ये जवळपास दोन महिने संप चालला, मुख्यमंत्र्यांनी संपकऱ्यांनी स्वतःच नोकरी सोडली असे धरले, कामगार हात हलवत परत आले. आणि 2023 मध्ये त्याच राज्याने विलीनीकरणाचे विधेयक मंजूर केले. सोलापूरहून हैदराबाद किती दूर आहे? आपले कामगार त्या मार्गावर गाड्या नेतात, तिथल्या स्टँडवर तिथल्या कामगारांशी बोलतात. तिकडे झाले तर इकडे का नाही, हा प्रश्न त्यांनी विचारला तर त्यात वावगे काय? निवृत्तीनंतर सरकारी शिपायाला पेन्शन मिळते, आणि तीस वर्षे स्टिअरिंग धरलेल्या चालकाच्या हाती पीएफ कार्यालयाकडून दोन-चार हजार रुपये पडतात. हे त्याला दिसत नाही असे समजायचे का?

इथपर्यंत मी कामगारांच्या बाजूने बोललो. आता दुसरी बाजू, आणि ती मी हात राखून मांडणार नाही.

संपाच्या काळात त्रास कोणाला झाला? मंत्र्यांना झाला नाही. ज्याच्या दारात मोटारसायकल आहे त्यालाही फार झाला नाही. 4 ऑक्टोबर 2021 ला ग्रामीण भागातल्या पाचवीपासूनच्या शाळा उघडल्या, 20 ऑक्टोबरला महाविद्यालये उघडली. दीड वर्ष घरी बसलेली पोरे नुकती वर्गात परतत होती. आठवड्याभरात गाड्या थांबल्या. मुलगा कोणाच्या तरी गाडीवर मागे बसून गेला. मुलीला कोण सोडणार? घरच्यांनी ठरवले, राहू दे यंदा. त्या वर्षी ज्या मुली राहिल्या, त्यातल्या सगळ्या पुढच्या वर्षी परतल्या असे मला वाटत नाही.

15 नोव्हेंबरला कार्तिकी एकादशी होती. कोरोनानंतर पंढरपुरात पुन्हा भरलेली वारी. वारकऱ्याच्या वारीला एसटी नाही, असे आपल्या जिल्ह्याने कधी पाहिले होते? सरकारने खासगी गाड्यांना प्रवासी नेण्याची मुभा दिली, भाडे दुप्पट-तिप्पट झाले. रोज हाताला काम मिळेल तेव्हा खाणाऱ्या माणसाने ते दिले. म्हणजे कामगारांची लढाई सरकारशी होती आणि तिची किंमत भरली दुसऱ्या कष्टकऱ्यांनी. विडी वळणाऱ्या बाईने, यंत्रमागावरच्या माणसाने, बाजार समितीत भाजी घेऊन येणाऱ्या शेतकऱ्याने.

यावर कामगार म्हणतील, त्रास होणार नसेल तर संप कशाला म्हणायचे? बरोबर आहे. संप म्हणजे आपल्या कामाचे मोल काम थांबवून दाखवणे. कायद्याने तो कठीण केला आहे. सार्वजनिक सेवेत आधी नोटीस द्यावी लागते, अत्यावश्यक सेवेचा कायदा, म्हणजे मेस्मा, डोक्यावर असतो, न्यायालय बेकायदा ठरवते. 2017 च्या दिवाळीत चार दिवसांत तेच झाले. सर्वोच्च न्यायालयाने 2003 मध्ये तामिळनाडूच्या प्रकरणात सरकारी कर्मचाऱ्यांना संपाचा नैतिक अधिकारही नाही, असे म्हटले. मी नम्रपणे असहमत आहे. अर्ज, निवेदन, बैठक, करार, हे सगळे रस्ते संपल्यावर ज्याच्याकडे फक्त श्रम आहेत त्याने काय करावे? आणि ते रस्ते खरोखरच संपवले गेले होते. एसटीत पगाराचा करार दर चार वर्षांनी व्हायचा असतो. 2016 ते 2020 चा करार संघटनेशी सही होऊन झालाच नाही. 2018 च्या जूनमध्ये मंत्र्यांनी 4,849 कोटींची वाढ एकतर्फी जाहीर केली आणि आठवड्याभरात पुन्हा गाड्या थांबल्या. पुढच्या कराराची मुदत 31 मार्च 2024 ला संपली, आणि त्या मुदतीतली वाढ मिळाली कधी? 2024 च्या सप्टेंबरमध्ये, गणपतीच्या तोंडावर दोन दिवस संप झाल्यावर, 6,500 रुपये. मुदत संपल्यावर पाच महिन्यांनी! सरकारच कामगारांना शिकवते आहे की दिवाळी आणि गणपती गाठल्याशिवाय काही मिळत नाही. मग सणाला संप केला म्हणून कामगारांना दोष का द्यायचा?

तरीही 24 नोव्हेंबरनंतरचा संप चुकला, असे माझे मत आहे. हे मत इथल्या काहींना दुखावेल. त्या दिवशी नव्या कामगाराचा एकूण पगार चोवीस-साडेचोवीस हजारांच्या घरात गेला. एवढी वाढ एका झटक्यात एसटीच्या कामगाराला आधी कधी मिळाली नव्हती. ती पदरात घेऊन, विलीनीकरणाचा मुद्दा त्यासाठी नेमलेल्या समितीपुढे लढत, कामावर यायला हवे होते. कामगारांसोबत आंदोलनाला बसलेले नेते सदाभाऊ खोत आणि गोपीचंद पडळकर यांनी दुसऱ्याच दिवशी मुंबईच्या आझाद मैदानातून माघार घेतली. मग लढ्याची सूत्रे वकिलाच्या हाती गेली. गाडीवर कधी न बसलेल्यांनी कामगारांना सांगितले की आता फक्त थोडेच दिवस. संघटनांनी वर्षानुवर्षे विश्वास गमावला होता हे मान्य, पण संघटना नसली की वाटाघाटीला बसणारा माणूस उरत नाही. संप सुरू करायला संताप पुरतो. मिटवायला मात्र असा माणूस लागतो ज्याच्या शब्दावर आगारातला शेवटचा क्लीनरसुद्धा कामावर येईल. 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेला मुंबईतल्या गिरण्यांचा संप कधी अधिकृतपणे मिटलाच नाही, आणि गिरण्या गेल्या. ते पाहिलेल्या महाराष्ट्रात हे पुन्हा व्हायला नको होते. 8 एप्रिलला शरद पवारांच्या घरावर जो जमाव चालून गेला, त्याने साडेपाच महिने उपाशी राहिलेल्यांची सहानुभूती एका दुपारी घालवली. त्या महिन्यांत शंभरावर कामगारांनी जीव दिला, असे कामगारांचे म्हणणे आहे. त्या प्रत्येक घराला उत्तर देणे लागते, सरकारही लागते आणि नेतेही लागतात.

मघाचा चौथा प्रश्न राहिला. बस बंद पाडली नेमकी कोणी?

मित्रहो, एसटी स्टँडवरून बाहेर या आणि आपल्या शहराची बस शोधा. महापालिकेच्या परिवहन उपक्रमाची बस. जुन्या लोकांना आठवत असेल, आसरा, विजापूर रोड, कुंभारी, होटगी रोड, सगळीकडे सिटीबस जायची. पाच मिनिटांत नाही तर पंधरा मिनिटांत यायची. केंद्राच्या जवाहरलाल नेहरू योजनेतून नव्या कोऱ्या गाड्या आल्या, आणि त्यातल्या 99 गाड्यांच्या चेसीला तडे गेल्याचे प्रकरण झाले. वाद, तपासण्या, लवाद, आणि गाड्या उभ्या. उभ्या राहून राहून सडल्या. परिवहनच्या कामगारांचे पगार थकले. त्यांनी निदर्शने केली, काम बंद केले, थोडे पैसे हातात पडले, पुन्हा थकले. 2011 च्या जनगणनेतच साडेनऊ लाख लोकवस्ती असलेल्या शहरात आज सिटीबस दिसली तर माणूस वळून पाहतो.

या शहरबसला कोणत्या संपाने संपवले? कोणत्याही नाही. एसटीचा संप साडेपाच महिने चालला तेव्हा वर्तमानपत्रांचे मथळे भरले, न्यायालयाने दखल घेतली, विधिमंडळात चर्चा झाली. शहरबस दशकभर बंद पडत राहिली, तिच्यासाठी कोण रडले? एमआयडीसीत कामाला जाणारी बाई रिक्षात सहावी सीट म्हणून अवघडून बसते आणि पगाराचा मोठा हिस्सा भाड्यात घालवते. ती रोजच संपात अडकलेली आहे. त्या संपाची नोटीस कोणी दिली नाही, म्हणून तो बेकायदाही ठरत नाही.

म्हणून जो कोणी प्रवाशांच्या नावाने संपकऱ्यांना जाब विचारतो, त्याला माझा साधा प्रश्न आहे. गाड्या भंगारात गेल्या तेव्हा प्रवासी आठवले होते का? पगार थकले तेव्हा आठवले होते का? प्रवाशांची कळकळ असेल तर ती संपाच्या आधी दिसली पाहिजे. सवलतीचे पैसे ठरलेल्या तारखेला महामंडळाच्या खात्यात जमा होतील, असा कायदा करा. कराराची मुदत संपण्याआधी नवा करार झाला नाही तर प्रश्न आपोआप लवादाकडे जाईल आणि त्याचा निर्णय सरकारवर बंधनकारक राहील, असे करा. हे केलेत तर मी स्वतः कामगारांपुढे हात जोडून सांगेन की संपातही सकाळच्या शाळा-कॉलेजच्या फेऱ्या आणि दवाखान्याच्या फेऱ्या सोडा. त्यांच्यातले बहुतेक जण ऐकतील, कारण त्या फेऱ्यांत त्यांच्याच भावकीतली पोरे बसलेली असतात.

आणि एक गोष्ट तातडीची. केंद्राच्या ई-बस योजनेतून सोलापूरला 100 विजेवरच्या गाड्या मंजूर झाल्या आहेत. त्यांचे स्वागत आहे. पण या गाड्या ठेकेदाराच्या असतात आणि ठेकेदाराला पैसे किलोमीटरप्रमाणे मिळतात. चालकही ठेकेदाराचा. 2023 च्या ऑगस्टमध्ये मुंबईत बेस्टच्या भाडेतत्त्वावरच्या गाड्यांवरील चालकांनी पगारासाठी काम बंद केले, तेव्हा त्यांना समजेना की मागायचे कोणाकडे. बेस्ट म्हणते ठेकेदाराकडे जा, ठेकेदार म्हणतो दर परवडत नाही. एसटीत निदान मंत्र्याच्या दारात जाता येत होते. उद्या सोलापूरच्या चालकाला कोणते दार आहे? करारात चालकाचा किमान पगार किती लिहिला आहे, तो कोणत्या तारखेला होणार, ठेकेदाराने थकवला तर महापालिका तो थेट देणार का, हे विचारायची वेळ गाड्या धावू लागण्याआधीची आहे. हा करार नागरिकांपुढे ठेवा, अशी मागणी आपण या सभेच्या वतीने महापालिका आयुक्तांकडे लेखी द्यावी, असा माझा प्रस्ताव आहे. निवेदनाचा मसुदा मी सोबत आणला आहे, दाराशी ठेवला आहे. ज्यांना पटेल त्यांनी सही करावी.

अध्यक्षांनी प्रश्नांसाठी वेळ ठेवला आहे. सभागृहात सोलापूर आगाराचे आणि परिवहन उपक्रमाचे काही कामगार बसलेले मला दिसत आहेत. 24 नोव्हेंबरनंतरच्या संपाबद्दल मी जे बोललो, त्यावर पहिल्यांदा त्यांनी बोलावे, अशी माझी विनंती आहे.